पुलीचा बोल्ट आणि 'भारी माल'

बोल्ट तुटला की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच असतो. "कुठल्या कंपनीचा होता?" दुसरा प्रश्न दुकानात जाऊन विचारायचा : "याच्यापेक्षा भारी काय आहे?" या दोन प्रश्नांत आपलं सगळं निदान आणि सगळा उपचार संपतो. माझं म्हणणं असं की दहातल्या आठ-नऊ वेळा हे दोन्ही प्रश्न चुकीचे असतात. त्यापायी पैसे जातात ते सोडा, पण कधीतरी कुणाचा तरी हात किंवा डोकं जातं. आज त्याबद्दल थोडं सविस्तर. (ज्यांना फक्त सॉफ्टवेअरवर वाचायचंय त्यांनी पुढचा शनिवार बघावा. तरी मी कोडिंगची उदाहरणं मधूनमधून घुसडणारच, सवय आहे.)

विषय डोक्यात घोळायला लागला तो दोन टोकांच्या दोन बोल्टांमुळे. एक अमेरिकेतला, एक आमच्या शिरड शहापूरचा.

अमेरिकेतला आधी. कॉलेजातला एक मित्र न्यू जर्सीत असतो. तिकडच्या बऱ्याच मराठी पोरांना पस्तिशीनंतर बागकाम किंवा ढोलताशा लागतो, याला गाडी लागली. जुनी दोन सीटची गाडी घेऊन त्यानं तिला सुपरचार्जर बसवला. टर्बो आपल्याला माहीत असतो, तो धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर त्याचा थोरला भाऊ. काम तेच, इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, पण हा फिरतो बेल्टवर. आणि बेल्ट फिरतो इंजिनाच्या क्रँकला लावलेल्या पुलीवर. पुण्याच्या रस्त्यांवर मागे 'कॉम्प्रेसर' लिहिलेल्या जुन्या मर्सिडीज अजून दिसतात ना, ते नाव त्याचंच. आणि ही काही नवी भानगड नाही. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या अमेरिकन भावांनी हवा ढकलणाऱ्या दोन पाळ्यांच्या यंत्राचं पेटंट १८६० मध्ये घेतलं, म्हणजे मोटारगाडी जन्मायच्याही आधी. ते गाडीसाठी नव्हतंच. आज तुमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात रात्रंदिवस घोंघावणारा जो ब्लोअर असतो (आणि ज्याच्या आवाजावरून दर महिन्याच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात), तो बहुतेक वेळा याच घराण्यातला असतो.

तर मित्राच्या गाडीत गाडीच्या मूळ पुलीवर सुपरचार्जरची जादा पुली बोल्टनं जोडलेली. दोन महिन्यांत ते बोल्ट तुटले. त्यानं भारी ग्रेडचे आणले. तेही तुटले. मग त्याहून भारी. फोनवर मला म्हणाला, "आता टायटॅनियमचे बघतोय."

आता शिरड शहापूर. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, वसमतच्या बाजूला. बाहेरच्या लोकांना मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे माहीत असतं, आम्हाला हळद आणि सोयाबीनमुळे. वडिलांचं गाव, काका अजून तिथेच असतात. हळद काढली की शिजवायची, पंधराएक दिवस उन्हात वाळवायची आणि मग जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवायची. हळकुंडं एकमेकांवर घासून वरची साल जाते आणि पिवळा रंग उघडा पडतो. यालाच पॉलिश म्हणतात. काकांचा ड्रम चालतो एका सिलिंडरच्या जुन्या दहा हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनावर, कारण लाइटचा भरवसा काकांनी फार पूर्वीच सोडलाय. इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या तोंडावर चार बोल्टांनी पुली बसवलेली, तिच्यावरून बेल्ट ड्रमकडे. म्हणजे बघा, न्यू जर्सीतल्या त्या चकचकीत गाडीत आणि काकांच्या शेडमध्ये यंत्र म्हणून फरक शून्य. फिरणाऱ्या क्रँकच्या टोकाला बाहेरून एक पुली टांगलीय आणि बेल्ट तिला एका बाजूला ओढतोय.

मागच्या उन्हाळ्यात ती पुली निघाली. चारी बोल्ट गेले. पुली शेडचा पत्रा फाडून बाहेर गेली आणि समोरच्या भिंतीला आदळली. त्या भिंतीच्या सावलीत रोज पाच-सहा बायका हळकुंडं निवडायला बसतात. त्या वेळी त्या चहाला उठलेल्या होत्या, एवढंच.

मी गेलो तेव्हा काकांनी नवा बोल्ट हातावर ठेवून दाखवला. काळाकुट्ट, डोक्यावर १२.९ कोरलेलं. "हाय टेन्शन हाये लेका. आता काय होत नाही." (टेन्साईल नव्हे, टेन्शन. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात, आणि नाव तसं चुकीचंही नाही.) न्यू जर्सी आणि शिरड शहापूर यांचं एकमत झालेलं बघून मला जरा गंमतच वाटली.

तुटलेले तुकडे काकांनी डब्यात ठेवले होते, हे मात्र फार बरं झालं. बोल्ट का तुटला हे तुटलेला बोल्टच सांगतो, ऐकणारा पाहिजे. एकदम जास्त जोर आल्यानं तुटलेला बोल्ट ताणल्यासारखा दिसतो, मान बारीक होते, तोंड सगळीकडे खरबरीत असतं. काकांच्या बोल्टांचं तसं नव्हतं. तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वाकड्या-वाकड्या रेषा, आणि एका कडेला चिमुकला खरबरीत तुकडा. याला म्हणतात थकून तुटणं. तार हातानं इकडे-तिकडे वाकवत राहिलं की तुटते, तसं. तडा कुठेतरी आट्याच्या मुळाशी सुरू होतो आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा पुढे सरकतो. शेवटी उरलेला इवलासा भाग सगळा भार घेतो आणि तुटतो. तो उरलेला भाग जितका छोटा, तितका शेवटच्या क्षणी भार कमी होता असं समजायचं. म्हणजे बोल्ट कमजोर नव्हता. जवळजवळ पूर्ण तुटलेला असतानाही तो काम करत होता बिचारा!

मग थकला का? इथे थोडं गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

दहा हॉर्सपॉवर, मिनिटाला १५०० फेरे. म्हणजे पुलीवर येणारा पीळ साधारण ४८ न्यूटन-मीटर. बोल्टांचं वर्तुळ १० सेंटीमीटर व्यासाचं धरलं तर तिथे जोर येतो जेमतेम शंभर किलोचा, चार बोल्टांत मिळून. एका सिलिंडरचं इंजिन धक्के देतं, म्हणून पाचपट धरा. पाचशे किलो. आता बोल्टकडे बघू. साधा ८.८ ग्रेडचा एम-१० बोल्ट (म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा) व्यवस्थित आवळला तर त्यात सुमारे अडीच टनांचा ताण येतो. एका बोल्टमध्ये! सात माणसं आणि त्यांचं सामान भरलेली इनोव्हा जवळजवळ तेवढी भरते. चार बोल्ट मिळून पुलीला फ्लायव्हीलवर दहा टनांनी दाबून धरतात. लोखंडावर लोखंड, घर्षण पंधरा टक्के धरलं तरी दीड टन. लागतात पाचशे किलो, आहेत पंधराशे. म्हणजे पुली घसरायचा प्रश्नच नाही.

या हिशोबातली खरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. पीळ बोल्ट वाहून नेत नाहीत. घर्षण वाहून नेतं. बोल्टचं काम फक्त दाबून धरायचं. आपण समजतो बोल्ट म्हणजे खुंटी, जिच्यावर पुली अडकलीय. तसं नाही, बोल्ट म्हणजे चिमटा. ताणलेला चिमटा.

आणि ताणलेला असण्याचा आणखी एक मोठा फायदा असतो. भाजीवाल्याचा लटकता स्प्रिंगकाटा डोळ्यासमोर आणा. हूक खाली ओढून काटा २५ किलोवर आणा आणि तिथे एक ठोकळा अडकवून ठेवा, म्हणजे हूक वर जाणार नाही. आता हुकाला ५ किलो कांदे लावा. काटा कुठे जाईल? कुठेच नाही, २५ वरच राहील. स्प्रिंगला कळतसुद्धा नाही की खाली कांदे लावलेत. ठोकळ्यावरचा दाब कमी झाला, बस्स. नीट आवळलेल्या बोल्टचं असंच असतं. बाहेरचा भार येतो-जातो, बोल्टला त्यातला थोडासाच हिस्सा जाणवतो. आणि ठोकळाच काढून टाकला तर? प्रत्येक कांदा थेट स्प्रिंगवर.

काकांच्या पुलीत ठोकळा निघाला होता, म्हणजे ताण गेला होता. मग बेल्टची ओढ प्रत्येक फेऱ्याला बोल्ट वाकवते. मिनिटाला १५०० म्हणजे तासाला ९० हजार. दहा लाख फेरे व्हायला अकरा तास आणि वर थोडी मिनिटं. हळदीच्या दिवसांत दोन दिवसांचं काम. मित्राच्या गाडीत तर फेरे त्याच्या कितीतरी पट. तेव्हा 'दोन महिने टिकला' यात बोल्टचं कौतुकच करायला पाहिजे.

आता ताण का गेला? मला सगळ्यात आवडलेला भाग हा, कारण गुन्हेगार इतका निरुपद्रवी दिसतो की कुणाला संशय येत नाही. रंग!

मागच्या दिवाळीत इंजिनाला निळा ऑइलपेंट मारला होता. पुली सोडवून, पुलीच्या तोंडाला, फ्लायव्हीलच्या तोंडाला, सगळीकडे छान दोन हात. बोल्ट ताणला जातो म्हणजे रबरासारखा लांब होतो, हे खरं असलं तरी किती होतो? एम-१० बोल्टची पकडीतली लांबी ३० मिलिमीटर असेल तर अडीच टन ताणाला तो वाढतो ०.०६ मिलिमीटर. एका केसाएवढा. तो सगळा अडीच टनांचा दाब या केसाएवढ्या ताणण्यात साठवलेला असतो. आणि ऑइलपेंटचा थर? दोन हात मारले तर तोही त्याच मापाचा. इंजिन गरम झालं, रंग मऊ झाला, दबून बाजूला सरकला. केसभर जागा मोकळी झाली आणि ताण गायब. नट एक अंशही फिरला नाही, तरी बोल्ट ढिला. पुली पातळ पत्र्याची असेल आणि पकड १२ मिलिमीटरच असेल तर बोल्टची वाढ जेमतेम ०.०२५ मिलिमीटर. तिथे तर रंगाचा एक हातही पुष्कळ झाला.

(आमच्या धंद्यात याला म्हणतात 'मी तर काहीच बदललं नव्हतं, फक्त कमेंट टाकली'.)

एकदा दाब कमी झाला की पुली सूक्ष्म घसरायला लागते, मागे-पुढे. मग नटही फिरायला लागतात. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरनं १९६९ मध्ये हे व्यवस्थित मांडलं : बोल्ट मुख्यतः सुटतात ते आडव्या हालचालीनं. आट्यांमध्ये आणि डोक्याखाली घसरण सुरू झाली की त्या क्षणापुरतं घर्षण संपतं आणि बोल्ट आपल्या आपण उलटा फिरतो. आणि यावर आपला रामबाण इलाज काय, तर स्प्रिंग वायसर. मोटारसायकलपासून पंख्यापर्यंत घातलाच पाहिजे असा आपला समज. पण बोल्ट नीट आवळला की तो वायसर पार चपटा होतो, मग तो साध्या वायसरसारखाच. 'नासा'च्या १९९० च्या फास्टनर पुस्तिकेत तर त्याला लॉक करण्याच्या कामी निरुपयोगीच म्हटलंय. बोल्ट बऱ्यापैकी सुटल्यावर तो पुन्हा उघडतो आणि किंचित ढकलतो, पण तोपर्यंत पुली नाचायला लागलेली असते.

पुली घसरत होती याची खूण फार सोपी असते. लोखंडावर लोखंड घासलं की त्यातून तांबूस, विटकरी पूड पडते. बोल्टच्या डोक्याभोवती अशी पूड दिसली की समजायचं, आत हालचाल चालू आहे. काकांच्या इंजिनावर ती असणारच, पण तिथे सगळं हळदीनं माखलेलं. कुणाला दिसणार? (सर्व्हरच्या लॉगमध्ये चेतावणी येत होती, पण बाकीचा कचरा इतका की कुणी वाचत नव्हतं. ओळखीचं वाटतंय ना?)

तर आता काकांचा तो १२.९ बोल्ट. भारी आहे यात वाद नाही. ८.८ मधला पहिला आकडा सांगतो की तुटायला ८०० मेगापास्कल लागतात, दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जातो. १२.९ मध्ये तेच १२०० आणि ९० टक्के. दीडपट ताकद. पण मिस्त्रीचा पाना तोच, हात तोच. आवळणार तेवढंच. आणि तेवढ्याच पिळानं आवळला तर १२.९ मध्ये ताण येतो... तेवढाच! तेच अडीच टन, किंवा तोच दीड टन, जे काय असेल ते. बोल्टच्या ताकदीचा दाबाशी संबंध तुम्ही त्या ताकदीचा उपयोग करून आवळलं तरच येतो. दुप्पट पगाराचा माणूस आणून त्याला तेच काम तेवढेच तास दिल्यासारखं. शिवाय आट्याच्या मुळाशी थकण्याच्या बाबतीत ग्रेड वाढवून फार काही हाताला लागत नाही. आणि बोल्टचं डोकं पुलीत रुतूनही बसू शकतं. रुतलं की पुन्हा केसभर जागा, पुन्हा ताण गेला.

भारी माल उलट घातकही ठरतो. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडमधल्या नव्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये काय झालं बघा. भूकंपात पूल धरून ठेवण्यासाठी बसवलेले ९६ जाडजूड, अतिशय कठीण पोलादाचे, जस्त चढवलेले बोल्टवजा दांडे ताणून आवळले आणि थोड्याच दिवसांत त्यातले ३२ आपोआप तुटले. कारण हायड्रोजन. पोलाद जितकं कठीण तितकं ते हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं. मऊ बोल्टला हा रोग सहसा होत नाही. बाजारात चकाकणारा, मुलामा दिलेला १२.९ बोल्ट दिसला आणि तो कुठून आला ते नक्की माहीत नसेल, तर मी तरी फिरत्या पुलीला लावणार नाही.

आणि थकलेल्या बोल्टांचं सगळ्यात भयानक उदाहरण म्हणजे सायबेरियातलं सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्र, १७ ऑगस्ट २००९. दोन नंबरच्या टर्बाइनचं झाकण उडालं, शेकडो टनांचं यंत्र पाण्याच्या जोरानं वर फेकलं गेलं, ७५ माणसं गेली. नंतर झाकणाचे ४९ स्टड तपासले, त्यातल्या ४१ वर थकव्याचे तडे होते. सहांवर तर नटच नव्हते असं दिसलं. त्या टर्बाइनचं कंपन आधीपासून वाढलेलं होतं. आपल्याकडचं अगदी ताजं म्हणजे मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा, जो २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्याच्या आधी काही दिवस, खाऱ्या वाऱ्यानं नटबोल्टांना गंज चढतोय असं सार्वजनिक बांधकाम विभागानं नौदलाला पत्रानं कळवलं होतं. पुतळा पडण्यामागे एकटा गंज नव्हता, सांगाडा आणि वेल्डिंगवरही नंतर पुष्कळ बोललं गेलं, पण तांबूस पूड दिसली होती आणि तिच्यावर वेळेत कुणी हललं नाही, हे उरतंच.

असो. करायचं काय?

पहिलं म्हणजे दोन्ही तोंडं उघडी धातूची करा. रंग, ग्रीस, जुना गंज, सगळं खरवडून काढा. रंग जोडल्यावर बाहेरून मारा, हवा तेवढा. यातच अर्धं काम झालं.

दुसरं, पुली मध्यभागी बसायला बोल्टांवर विसंबू नका. पुलीच्या मधल्या भोकात चपखल बसणारा खांदा हवा. तो नसेल तर लेथवाल्याकडून करून घ्या. जिथे धक्के फार मोठे असतात तिथे ठोकून बसवायच्या पिना घालतात. अमेरिकेत सुपरचार्जर बसवणारे काही इंजिनांच्या क्रँकमध्ये आणि पुलीत मिळून भोक पाडून पिन ठोकतात, कारण मूळ रचनेत पुली फक्त दाबून बसवलेली असते आणि मधल्या एका बोल्टच्या पकडीवर सगळा खेळ. चावी असली म्हणजे निश्चिंत असंही नाही. मझदाच्या अगदी सुरुवातीच्या, १९९०-९१ च्या मियाटांमध्ये क्रँकचं नाक आखूड होतं. टायमिंग बेल्ट बदलताना मधला बोल्ट नीट आवळला नाही तर चावीचा खाचा झिजून अख्खा क्रँक बाद व्हायचा. चावी जागा दाखवते, भार बोल्टच्या दाबानंच जायला हवा.

तिसरं, बोल्ट लांब घ्या. हे उलटं वाटतं, पण वरचा केसाचा हिशोब पुन्हा बघा. दुप्पट लांब बोल्ट दुप्पट ताणला जातो, मग थोडी जागा दबली तरी ताण बराचसा शिल्लक राहतो. डोक्याखाली जाड, कडक वायसर किंवा छोटी नळी घातली की झालं. मित्राला मी हेच सांगितलं. त्याच्या पुलीचे आटे ॲल्युमिनियममध्ये होते, तिथे बोल्ट जाडीच्या दीडपट ते दुप्पट आत जायला हवा, त्याचा जेमतेम एकपट जात होता.

लॉकटाइटसारखं आट्यात घट्ट होणारं द्रव्य जरूर लावा (हार्टफर्डच्या व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं १९५० च्या दशकात काढलेलं), पण ते फिरणं रोखतं, गेलेला ताण परत आणत नाही. आणि आवळून झाल्यावर नटावरून पुलीवर जाईल अशी एक पांढरी रेघ ओढा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी रेघ जुळते का बघायचं. दोन सेकंदांचं काम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजून आवळा. इथेच लोक हसतात. "टॉर्क रेंच? शिरड शहापुरात?" का नाही! काही हजारांत येतो, एका मोबाइलच्या किमतीत दोन-तीन. पण तोही नको असेल तर हे करा. एम-१० च्या ८.८ बोल्टला साधारण ५० न्यूटन-मीटर लागतात, आटे कोरडे असताना. बोल्टच्या मध्यापासून अर्धा मीटरवर पान्याला किंवा पाइपला स्प्रिंगकाटा अडकवा आणि काटकोनात ओढा. काटा १० किलोवर आला की थांबा. झाले ४९. तेल लावलेले आटे असतील तर सातच्या आसपास थांबा, कारण पिळातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो, बाकी सगळा घर्षण खातं. घर्षण कमी झालं की त्याच पिळात ताण भलताच वाढतो. समोरासमोरचे बोल्ट घ्यायचे, आधी अर्धं, मग पूर्ण. तासभर चालवून, थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

याउलट आमच्याकडची पद्धत : पान्यात दोन फुटी पाइप घालायचा आणि त्यावर उभं राहायचं. साठ किलोच्या माणसाचे होतात साडेतीनशे न्यूटन-मीटर. सातपट! "बसला, बसला... अजून थोडा" म्हणता म्हणता बोल्ट हाताला मऊ लागायला लागतो. मऊ लागतो म्हणजे तो कायमचा ताणला जातोय. तो तिथेच तुटला तर नशीब म्हणायचं, कारण इंजिन बंद असतं.

मिस्त्री लोकांना यात दोष देण्यात मला रस नाही. त्यांना आकडा सांगितलाय कुणी? मळणी यंत्रांत हात जायचे म्हणून १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. मळणी यंत्राच्या सुरक्षेचं भारतीय मानकही आहे, आयएस ९०२०. त्यात पेंढी सारायचा पन्हाळ किमान ९० सेंटीमीटर लांब आणि त्यातला ४५ सेंटीमीटर झाकलेला हवा, इथपर्यंत बारीक लिहिलंय, आणि त्यानं कितीतरी हात वाचले असतील. पण मी गावात मळणी यंत्रं, हळदीचे ड्रम, कडबा कुट्ट्या बघत फिरलो (काकू म्हणाल्या, "ह्याला काय झालंय?"), एकाही पाटीवर पुलीच्या बोल्टचा टॉर्क लिहिलेला नव्हता. हॉर्सपॉवर असते, फेरे असतात, कंपनीचा फोन नंबर असतो. 'पुली बोल्ट : ८.८, ५० न्यूटन-मीटर, तोंडाला रंग लावू नये' एवढी एक ओळ ठोकायला बनवणाऱ्याला किती खर्च येईल? पत्रा तर तिथे आहेच.

गंमत म्हणजे याच औंढा तालुक्यात 'लायगो-इंडिया' येतंय. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटींची मंजुरी दिलेली गुरुत्वलहरींची वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळपास पूर्ण निर्वात. अशा निर्वात नळ्यांच्या फ्लँजना तांब्याची चकती घालून बोल्ट आवळतात, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं, मोजून. तेल चालत नाही म्हणून आटे अडकू नयेत यासाठी चांदीचा मुलामा दिलेले बोल्टही वापरतात. पोरांना ते काम मिळेल की नाही, गावात त्याचीच चर्चा असते. मला वाटतं उलटही व्हावं. तिथे काम करणाऱ्या एखाद्या फिटरनं रविवारी येऊन आमच्या चौकातल्या गॅरेजात तासभर बोल्ट कसा आवळायचा ते दाखवलं, तर तालुक्याला त्या वेधशाळेचा पहिला फायदा गुरुत्वलहरींच्या आधी मिळेल :)

काकांनी १२.९ परत केले नाहीत, पैसे दिलेले आहेत म्हणाले. पण तोंडं खरवडून घेतली, आठ रुपयांचे जाड वायसर घातले आणि हळद मोजायचा काटा अर्धा तास उसना दिला. आता ग्रेड भारी म्हणून काटा १७ किलोपर्यंत ओढला. पांढरी रेघ काकूंनी ओढली, त्यांच्या रांगोळीच्या हातानं, एकदम सरळ. पत्र्याला पुलीसमोर लोखंडी जाळी अजून बसायची आहे. वेल्डिंगवाला "येतो, येतो" म्हणतोय.